सुहेल बेटावरचा दुभाषी

"पाणी किती आहे ते आधी विचारा," कॅप्टन व्हिटलॉक म्हणाले. "बाकीचं मग."

मी अरबीत विचारलं. सालेम नाखव्याने उत्तर द्यायच्या आधी आपल्या बहिणीकडे पाहिलं. हलीमा मशिदीच्या ओट्याला टेकून उभी होती. हातात लांब दांड्याचा डवला होता. बेटावरचं पाणी वाटायचं काम तिचं.

"चार टाकी," ती म्हणाली. "दोन भरलेली, एक अर्धं. चौथ्यातलं शेळ्यांना. दोन वर्षांत पाऊस नाही, पुढचा कधी ते अल्लाला ठाऊक."

आपल्याकडे गडांवर असतात तशीच ती टाकी, खडक फोडून केलेली. कुणाच्या पणज्याने खोदली ते तिथे कुणालाच सांगता येत नव्हतं. एकतीस घरं आणि एकशे अठरा माणसं त्या पाण्यावर जगत होती. मासे मारायचे, मुशी सुकवायची, ती किनाऱ्यावर नेऊन विकायची आणि येताना ज्वारी, खजूर आणायचा. मी बाणकोटचा. सुकत घातलेल्या मुशीचा वास लहानपणापासून नाकात बसलेला. लाँचमधून उतरलो तेव्हा तो वास आला आणि परक्या मुलखात आलोय असं वाटेना.

हे १९३५ च्या नोव्हेंबरातलं. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी, बाब-अल-मंदबच्या चिंचोळ्या वाटेला लागून ते बेट आहे. त्याचं खरं नाव मी लिहीत नाही. तिथले लोक दक्षिणेकडच्या एका ताऱ्याच्या रोखाने मचवे हाकायचे, त्या ताऱ्याचं नाव बेटाला देतो. सुहेल. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. शरफुद्दीन हजवाने, एडनला सरकारी खात्यात हंगामी दुभाषी. अरबी मदरशात शिकलो आणि मामूच्या एडनमधल्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलून बोलून सुधारली.

आदल्या दिवशी कॅप्टन मला बेटाच्या माथ्यावर घेऊन गेले होते. वाळलेलं गवतसुद्धा नव्हतं तिथे, नुसता काळा दगड.

"हजवाने, या बेटावर काय आहे?"

"काही नाही, साहेब."

"बरोबर. आता तिकडे बघा."

खाली निळ्या पट्ट्यातून एकामागून एक जहाजं चालली होती. टपालाची बोट, तिच्यामागे तेलाची दोन जहाजं, मग कापसाच्या गासड्यांनी भरलेलं एक. तासाभरात मी सात मोजली.

"हिंदुस्थानात जाणारी पलटण असो की विलायतेला जाणारा चहा," कॅप्टन म्हणाले, "सगळं इथूनच जातं. दुसरी वाट म्हणजे अख्ख्या आफ्रिकेला वळसा. समोरच्या किनाऱ्यावर इटलीवाले रोज पलटणी उतरवताहेत. उद्या त्यांनी इथे दोन तोफा आणून ठेवल्या तर ही वाट बंद. म्हणून तोफा आपण ठेवायच्या. इथे माथ्यावर. खाली पुळणीवर तेलाच्या टाक्या."

"आणि ते लोक?"

त्यांनी जहाजांकडे पाठ केली. मग म्हणाले, "तीन दिवसांनी लाँच येईल. त्यांना एडनच्या किनाऱ्यावर नेऊन सोडायचं. राजीखुशीने गेले तर बरं. नाही गेले तर माझ्याकडे चाळीस शिपाई आहेत, आणि हुकूम आहे. मला तो वापरायचा नाही. हे काम गडबड न होता पार पडलं तर तुम्हाला कायम करावं म्हणून मी स्वतः लिहीन."

चार वर्षं मी हंगामी होतो. दर मार्चमध्ये नोकरी राहते की जाते, या काळजीने झोप उडायची. मी नुसती मान हलवली.

खाली उतरलो तेव्हा अजान झाली होती. मी वजूला, नमाजाआधी हातपाय धुवायला गेलो. हलीमाने अर्धा डवला पाणी दिलं. "पाहुणा आहेस म्हणून अर्धा," ती म्हणाली. "आमच्या माणसांना पाव." नमाजाला मी सालेमच्या शेजारी उभा राहिलो. तो साठीचा असेल. एका कानाने त्याला ऐकू येत नसे. तरुणपणी मोत्यांसाठी बुड्या मारून कान गेला होता. नमाज झाल्यावर त्याने मला घरी नेऊन खजूर दिला, आणि बाणकोटच्या खाडीला गाळ किती, मचवे कुठल्या लाकडाचे बांधता, असं खोदूनखोदून विचारलं. सागाचं नाव निघाल्यावर खुशीत येऊन म्हणाला, "आमचे तिन्ही मचवे तुमच्याच सागाचे. माझ्या बापाने कालिकतहून लाकूड आणलं होतं."

तर दुसऱ्या दिवशी सकाळी मशिदीपुढे सगळे जमले. पाण्याचं विचारून झालं आणि कॅप्टन बोलायला लागले. तीन-चार मिनिटं बोलले असतील. बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, सालेमकडे बघत होते, जणू इंग्रजी त्याला कळतं आहे. मग थांबले आणि म्हणाले, "सांगा."

मी सांगितलं. समोरच्या किनाऱ्यापलीकडे लढाई पेटली आहे, इथे तोफा येणार, बाया-पोरांना धोका आहे. सरकार तुम्हाला लाँचने एडनच्या किनाऱ्यावर पोचवेल. तिथे तंबू आहेत, पाणी आहे.

कुणी ओरडलं नाही. पुरुष आपसात कुजबुजले. मग हलीमा पुढे आली.

"किती दिवस?"

मी कॅप्टनना विचारलं, परत कधी येता येईल. त्यांनी एका शब्दात उत्तर दिलं.

"सहा महिने," मी म्हणालो. "फार तर पुढच्या वर्षीच्या ईदपर्यंत."

सालेमने चांगला कान माझ्याकडे केला. "मुन्शी, साहेब बोलला ते जसंच्या तसं सांगितलंस ना?"

"जसंच्या तसं."

"मग झालं," तो लोकांकडे वळून म्हणाला. "हा आपल्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला माणूस आहे. सहा महिने म्हणजे सहा महिने. आवरायला घ्या."

कॅप्टनचा चेहरा सैल पडला. त्यांनी टोपी काढून घाम पुसला, आणि सालेमचा हात हातात घेऊन बराच वेळ धरून ठेवला.

दोन दिवस आवराआवर चालली. लोकांनी अंथरुणं, भांडी आणि शेळ्या तेवढ्या घेतल्या. दळायची जाती घरातच राहिली. दारांना कुलपं लागली, ज्यांच्याकडे कुलूप नव्हतं त्यांनी दोरी बांधली. हलीमाने टाक्यांवर फळ्या टाकल्या आणि फटी चिखलाने लिंपल्या. मी जवळ उभा होतो.

"शिपायांना सांग," ती म्हणाली, "डाव्या हाताचं टाकं शेवटी उघडा. त्याचं पाणी गोड आहे. आम्ही येऊ तेव्हा लागेल."

"सांगतो."

मी कुणालाच सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी लाँच आली. सामान चढत होतं. सालेम आणि आणखी आठ-दहा माणसं मात्र पुळणीवर मचव्यांपाशी होती. तिन्ही मचवे त्यांनी ओढून भरतीच्या रेषेच्या वर आणले होते, उपडे घातले होते, आणि बुडाला मुशीचं तेल चोपडत होते. सहा महिने उन्हात राहिलं तर लाकूड तडकतं, म्हणून. कामाला हात बसलेला होता सगळ्यांचा. एकजण कसलंसं गाणं गुणगुणत होता.

कॅप्टन माझ्याजवळ आले. त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या.

"हजवाने, हे मचवे इथे का ठेवताहेत?"

मी मचव्यांकडे पाहिलं.

"लाँचच्या मागे तिन्ही बांधता येतील. मी सारंगाला विचारलंय. तिकडे गेल्यावर ही माणसं खाणार काय? मचव्याशिवाय कोळी म्हणजे काय? मी त्यांना तोंडावर सांगितलं की परत यायचं नाही, कधीच नाही, ही जागा तुमची राहिलेली नाही. हे सांगताना मला लाज वाटली, पण आशा लावून ठेवण्यापेक्षा ते बरं. ते ऐकूनही दारांना कुलपं लावतात, मचव्यांना तेल लावतात. मला हे लोक कळत नाहीत. जा, विचारा त्यांना."

हो. कॅप्टननी त्या दिवशी एका शब्दात उत्तर दिलं होतं, तो शब्द 'नेव्हर' हा होता, कधीच नाही. आणि त्याआधीच्या चार मिनिटांतही ते हेच बोलले होते. त्यांनी काहीही लपवलं नव्हतं. सहा महिने माझे. ईदही माझी.

का केलं, हे मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. खरं सांगितलं असतं तर ती माणसं हटली नसती, चाळीस बंदुका होत्या, कुणाचं तरी रक्त सांडलं असतं. खोटं नाही हे. पण मशिदीपुढे हलीमा 'किती दिवस' म्हणाली त्या क्षणी माझ्या मनात रक्त नव्हतं. मनात एवढंच होतं की आता आरडाओरड होणार, गडबड होणार आणि कॅप्टन ते पत्र लिहिणार नाहीत. रक्ताचं मी नंतर जोडलं.

पण तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. मी पुळणीवरून चालत सालेमकडे गेलो. पन्नास पावलं असतील. 'नाखवा, मचवे घ्या बरोबर' एवढंच म्हणायचं होतं. कारण विचारलं असतं तर काहीही सांगता आलं असतं, तिकडे मासळी चांगली आहे, म्हणून. पण सालेम हुशार होता. सहा महिन्यांसाठी तीन मचवे आणि जाळी कोण हलवतं? त्याने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं असतं. मला त्याच्या पाहण्याची भीती वाटली.

"साहेब काय म्हणतो?" तेलाने माखलेले हात वर धरून त्याने विचारलं.

"म्हणतात, काळजी करू नका. मचव्यांवर पहारा ठेवू."

"नेऊ का बरोबर? माझा पुतण्या म्हणतो नेऊ."

"कशाला नाखवा? चार दिवसांसाठी तिथल्या खडकांवर कशाला आपटवता?"

तो हसला. "मीही त्याला तेच म्हटलं. मुन्शी शेवटी कोकणातला, त्याला मचवे कळतात."

मी परत आलो. कॅप्टन वाट पाहत होते.

"म्हणतात, लाकूड सडलंय साहेब. तिकडे नवे बांधतील."

"सडलेल्या लाकडाला तेल लावताहेत?"

"त्यांच्यात तशी रीत आहे. जुन्या मचव्याचा निरोप घ्यायची."

कॅप्टननी टोपी काढली आणि ते काम संपेपर्यंत उघड्या डोक्याने उन्हात उभे राहिले. मी उभ्या उभ्या रचलेल्या त्या रीतीला त्यांनी मान दिला.

लाँच सुटायच्या आधी सालेमने मला मिठी मारली. हलीमा लाँचच्या काठाला बसली होती. तिने पुन्हा बजावलं, "डावीकडचं शेवटी."

आठ दिवसांनी तेलाच्या टाक्यांचं सामान उतरवायला पुळण मोकळी करायची ठरली. शिपायांनी मचवे फोडले. मी तिथेच होतो. तेल प्यालेला साग, ठिणगी पडताच पेटला. दोन दिवस पलटणीचा स्वयंपाक त्याच्यावर झाला. पहिल्या रात्रीचं जेवण मीही जेवलो.

कॅप्टननी शब्द पाळला. माझ्या शेऱ्यात त्यांनी लिहिलं की या माणसाने अवघड बातमी अशा रीतीने पोचवली की एकाही माणसाच्या तोंडून कडू शब्द निघाला नाही. जानेवारीत मी कायम झालो.

पुढच्या जूनमध्ये हलीमा एडनच्या कचेरीत आली. मी वरच्या मजल्यावर होतो. शिपाई सांगत आला की सुहेलची एक बाई मुन्शीला विचारते आहे, सहा महिने झाले म्हणते. मी त्याला म्हटलं, सांग, मुन्शी मुंबईला गेला. ती जिन्याखाली बसून राहिली. तीन दिवस रोज सकाळी यायची, संध्याकाळी जायची. मी मागच्या दाराने ये-जा केली. चौथ्या दिवशी आली नाही. मी शिपायाला विचारलं, काही बोलली का? तो म्हणाला, "बोलली, मुन्शी असता तर साहेबाकडून जाब घेतला असता."

दोन वर्षांनी बदली मागून मी मुंबईला आलो. लग्न झालं, मुलं झाली. अबिसिनियाची लढाई कधीच संपली होती, मागून मोठी लढाई आली, तीही गेली. सुहेलच्या तोफा कुणावर डागल्याचं मी कधी ऐकलं नाही. जहाजं मात्र जात राहिली. मुंबईच्या बंदरात विलायतेचं जहाज लागलं की माझ्या मनात यायचं, हे पाच-सहा दिवसांमागे तिथून आलं असणार.

एकोणपन्नास साली मी हजला जायचं ठरवलं. जाण्याआधी ज्याचं ज्याचं मन दुखावलं असेल त्याच्याकडे जाऊन माफी मागायची, ही आमच्यातली रीत. बाणकोटला घरोघर फिरलो. भावकीत बोलणं बंद होतं तिथेही गेलो. शेवटी मौलवीसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "हजवाने, अल्लाचं देणं अल्ला माफ करतो. माणसाचं देणं माणसालाच माफ करावं लागतं. कुणी राहिलं नाही ना?"

"राहिलंय," मी म्हणालो. "वाटेत आहे."

हाजींची बोट एडनला पाणी घ्यायला एक दिवस थांबली. मी उतरलो. विचारत विचारत मिठागरांच्या मागच्या वस्तीत पोचलो. पत्रे, गोणपाट, खोक्यांच्या फळ्या यांची घरं होती. समुद्र मैलभर लांब. सुहेलवाले कुठे राहतात म्हटल्यावर एका माणसाने बोट दाखवलं. त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते. बंदरावर कोळसा वाहणारा.

हलीमाने मला लगेच ओळखलं. केस पांढरे झाले होते आणि ती वाकली होती, पण आवाज तोच.

"मुन्शी," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, कधीतरी येशील."

तिने मला सावलीत बसवलं आणि आत जाऊन पाणी आणलं. पूर्ण भांडं भरून. मी ते हातात धरून बसलो.

"नाखवा कुठे आहेत?"

"सालेम पहिल्याच वर्षी गेला. मचवे नाहीत म्हणून बंदरावर कोळशाच्या पाट्या वाहायला लागला. बुड्या मारणाऱ्याची छाती ती, काळ्या धुळीने भरली. शेवटपर्यंत मचव्यांचं विचारायचा. कुणीतरी येऊन सांगितलं की ते जाळले, पण त्याचा विश्वास बसला नाही. म्हणायचा, मुन्शी म्हणाला होता पहारा ठेवू."

मी बोटीवर रात्रभर वाक्यं जुळवली होती. 'खाला, साहेब कधीच नाही म्हणाले होते. मी सहा महिने सांगितलं.' सोपी अरबी, सहा-सात शब्दांची. ती तोंडाशी होती.

तेवढ्यात आजूबाजूची माणसं जमली. हलीमा त्यांना सांगायला लागली, "हा तो मुन्शी. आपल्याबरोबर नमाजाला उभा राहिलेला. साहेबाने याला फसवलं आणि याच्या तोंडून आपल्याला फसवलं. बिचाऱ्याच्या जिभेचा वापर केला. बघा, इतक्या वर्षांनी आलाय."

एका म्हाताऱ्याने माझा हात हातात घेतला. कुणीतरी खजूर आणला. एका बाईने आपलं मूल माझ्यापुढे केलं, हाजी होणार आहात, डोक्यावर हात ठेवा म्हणून.

"मी माफी मागायला आलोय," मी म्हणालो. त्या गलक्यात कुणी ऐकलं नाही. पुन्हा म्हणालो.

"तुला कसली माफी?" हलीमा म्हणाली. "तू निरोप्या. पण हजला चाललायस, रिकामा पाठवणार नाही. माफ केलं. माहीत असलेलं केलं, नसलेलंही केलं. सालेमच्या वतीनेही केलं."

अजूनही सांगता आलं असतं. मी भांडं खाली ठेवलं. तिच्याकडे पाहिलं. मग म्हणालो, "अल्ला तुम्हाला बरकत देवो."

असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची वेळ झाली. वाळूत चटया टाकल्या आणि त्यांनी मला पुढे उभं केलं, इमामत करायला. मी नको म्हणालो, पण ऐकेनात. मी नमाज पढवली. संपल्यावर हलीमाने मागच्या ओळीतून हात वर उचलले. शेजारच्या माणसाने माझ्या कानाशी सांगितलं, ही दुआ ती तेरा वर्षं रोज मागते.

"या अल्ला," ती म्हणाली, "तो वितलुक साहेब खोटं बोलला. त्याच्या शब्दावर आम्ही घर सोडलं. त्याची जीभ त्याच्या तोंडात सडव. त्याला पाण्याच्या शेजारी तहानेने मार. त्याच्या कबरीवर कुणी उभं राहू नये."

सगळे आमीन म्हणाले.

माझे हात वरच होते. मीही म्हणालो.